धाराशिवला एक मुक्काम वाढवा

तुळजापूरला दर्शनाला येणाऱ्या कुटुंबांचं वेळापत्रक बहुधा ठरलेलं असतं. रात्रभर प्रवास, पहाटे रांग, ओटी, कवड्यांच्या माळेची आणि कुंकवाची खरेदी, दुपारच्या आत परतीची गाडी. फार तर वाटेत अक्कलकोट किंवा पंढरपूर. आई भवानीचं दर्शन होतं, पण ती ज्या मुलखात नांदते तो मुलूख पाहायचा राहून जातो.

त्या मुलखात धरणाच्या भिंतीत महाल बांधलेला किल्ला आहे. मलिक अंबरच्या काळात निजामशाहीची राजधानी झालेला भुईकोट आहे. रोमशी व्यापार करणारं दोन हजार वर्षांपूर्वीचं नगर आजही एका गावाच्या पोटात आहे. बालाघाटच्या कड्यात कोरलेली लेणी आहेत, आणि या सगळ्याच्या मध्ये ज्वारी-हरभऱ्याचं रान आहे. फ्रान्समध्ये लुआर नदीच्या खोऱ्यात लोक एखाद्या खेड्यात आठवडाभर खोली घेतात आणि तिथून रोज एक गढी, एक चर्च, एक द्राक्षमळा पाहून येतात. तशी सुट्टी आपल्याकडेही होऊ शकते. धाराशिव जिल्हा त्यासाठी अगदी योग्य आहे, कारण इथली अंतरं लहान आहेत आणि प्रत्येक ठिकाणाची जात वेगळी आहे.

हा लेख त्या सहलीची आखणी कशी करावी, हे सांगण्यासाठी आहे. सुरुवातीलाच एक सूचना करतो. हा अवर्षणाचा प्रदेश आहे. इथे ज्यांनी ज्यांनी काही टिकाऊ उभं केलं, त्यांनी आधी पाण्याचा विचार केला. म्हणून कुठल्याही किल्ल्यात, देवळात किंवा लेण्यात शिरलात की पहिला प्रश्न हाच विचारा : इथे पाणी कुठून येत होतं? या एका प्रश्नाने जिल्ह्याचा निम्मा इतिहास उलगडतो.

कधी यावं, कुठे राहावं

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ. पाऊस नुकताच सरलेला असतो, रान हिरवं असतं आणि किल्ल्यांवर चालणं सुसह्य असतं. मार्चपासून ऊन चढतं. एप्रिल-मेमध्ये काळ्या दगडाच्या तटावर दुपारी उभं राहवत नाही. धबधबे पाहायचे असतील तर ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत या. मात्र या भागात पाण्याचा भरवसा नसतो. निघण्याआधी ओळखीच्या कुणाला तरी फोन करून नळदुर्गच्या बोरी नदीला पाणी आहे का, ते विचारून घ्या.

नवरात्र आणि त्यानंतरची कोजागरी पौर्णिमा या दिवसांत तुळजापूरचे सगळे रस्ते भरलेले असतात. कर्नाटकातून आणि सोलापूरकडून भाविक चालत येतात. भक्तीसाठी यायचं असेल तर याच दिवसांत या. वारसा पाहायला यायचं असेल तर हे दिवस टाळा. मंगळवार, शुक्रवार, रविवार आणि पौर्णिमेलाही मंदिरात गर्दी असते. त्या वारी किल्ले पाहा आणि दर्शन बुधवारी-गुरुवारी ठेवा.

मुक्कामाला तुळजापूर किंवा धाराशिव शहर सोयीचं. तुळजापुरात भक्तनिवास आणि लॉज भरपूर आहेत. धाराशिवमधून तेर, लेणी आणि येडशी जवळ पडतात. दोन्ही गावांत अंतर पंचवीस किलोमीटरच्या आत आहे. जिल्ह्यात सोयरे असतील तर संकोच न करता त्यांच्या गावी राहा. खेड्यातला मुक्काम हाच या सहलीचा सगळ्यात मोलाचा भाग ठरेल.

रेल्वेने येणाऱ्यांसाठी सोलापूर हे मोठं स्थानक आहे. कुर्डुवाडी-लातूर मार्गावर धाराशिवचंही स्थानक आहे. सोलापूर-धुळे महामार्ग तुळजापूर, धाराशिव, येडशी, येरमाळा असा जिल्ह्याच्या मधून जातो, तर सोलापूर-हैदराबाद महामार्ग नळदुर्ग आणि उमरग्यावरून. एसटीने तालुक्याची सगळी गावं गाठता येतात. लेण्यांसाठी मात्र रिक्षा किंवा स्वतःची गाडी हवी.

पहिला दिवस : नळदुर्ग आणि तुळजापूर

सकाळी लवकर नळदुर्ग गाठा. सोलापूरहून पन्नासेक किलोमीटर, तुळजापूरहून त्याहून कमी. किल्ला महामार्गालगतच्या गावाला खेटून आहे, त्यामुळे चढण नाही. वयस्कर माणसंही सावकाश फिरू शकतात.

आत गेल्यावर लगेच पाणीमहालाकडे धावू नका. आधी उपळी बुरुजावर चढा. किल्ल्यातलं हे सगळ्यात उंच ठिकाण आहे आणि पायऱ्या खड्या आहेत, तेव्हा मुलांचा हात धरा. वर पोचलात की किल्ल्याची सगळी मांडणी डोळ्यांसमोर येते. बोरी नदीने एका पठाराला वळसा घातला आहे, पठारावर तट आहे, नदीपलीकडे रणमंडळ नावाचा जोडकिल्ला आहे आणि या दोघांना जोडणारी भिंत म्हणजेच धरण. वर लांबलचक तोफा आहेत. त्या कुठल्या दिशेला रोखल्या होत्या आणि शत्रू कुठून येणार होता, ते मुलांना विचारा. पाठ्यपुस्तकात न समजणारी गोष्ट तिथे दोन मिनिटांत समजते.

आता खाली उतरून धरणावर या. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, 1613 साली मीर इमादीन नावाच्या स्थापत्यकाराने हे काम पूर्ण केलं. त्याने नदी अडवली आणि अडवणाऱ्या भिंतीच्या पोटातच दालनं काढली. नदीला पाणी भरपूर असतं तेव्हा ते दोन वाटांनी भिंतीवरून खाली झेपावतं. यांनाच लोक नर आणि मादी म्हणतात. त्या वेळी महालाच्या गवाक्षात उभं राहिलं की पाण्याचा पडदा समोर कोसळत असतो आणि आतली फरशी कोरडी असते. पाणी ओसरल्यावरही महाल पाहायला हवाच, कारण तेव्हा पन्हळी, उतार आणि दगडाचे सांधे नीट दिसतात. एका भिंतीने तीन कामं केली : किल्ल्याला पाणी दिलं, नदीची बाजू शत्रूला बंद केली आणि सुलतानाला उन्हाळ्यात गारवा दिला. चारशे वर्षं पूर सोसून ती उभी आहे.

नऊ पाकळ्यांचा नवबुरुजही चुकवू नका. गोल बुरुजाऐवजी पाकळ्या कशासाठी काढल्या असतील, यावर तिथेच थोडा विचार करा. प्रत्येक पाकळीतून मारा करण्याची वेगळी दिशा मिळते आणि बुरुजाच्या पायथ्याशी लपायला जागा उरत नाही.

नळदुर्गच्या इतिहासातली दोन पानं इथेच वाचून घ्यावीत. 1853 मध्ये निजामाने काही जिल्हे इंग्रजांच्या ताब्यात दिले, तेव्हा फिलिप मेडोज टेलर हा अधिकारी नळदुर्गला कारभार पाहायला आला. ठगांवरची त्याची कादंबरी प्रसिद्ध आहेच. 1863 साली आलेल्या त्याच्या ‘तारा’ कादंबरीची भूमी तर तुळजापूरची आहे. दुसरं पान 13 सप्टेंबर 1948 चं. हैदराबाद संस्थानावरच्या पोलीस कारवाईत भारतीय सैन्य सोलापूरकडून निघालं आणि पहिल्याच दिवशी त्याने बोरी नदीवरचा पूल शाबूत हस्तगत करून नळदुर्ग जिंकलं. चार दिवसांनी, 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्त झाला. ज्या रस्त्याने आपण गाडी हाकत येतो, तोच तो रस्ता.

जवळच अणदूर आहे. अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांचा खंडोबा एकच. देवाची मूर्ती वर्षातला मोठा काळ अणदूरला असते आणि ठरल्या मुदतीसाठी नळदुर्गला, म्हणजे मैलारपूरला येते. दोन गावांनी एक देव वाटून घेतला आणि तो करार पिढ्यानपिढ्या पाळला. पौष पौर्णिमेच्या यात्रेत आलात तर भंडाऱ्याने पिवळा झालेला सगळा माळ दिसेल.

दुपारनंतर तुळजापूरला या. दर्शन झाल्यावर मंदिराच्या आवारात पाऊण तास वेगळा ठेवा. बहुतेक देवळांत आपण पायऱ्या चढून जातो, इथे उतरून जातो, कारण मंदिर बालाघाटच्या उतारावर, गावाच्या पातळीखाली आहे. कल्लोळ तीर्थ आणि गोमुख तीर्थ तिथेच का आहेत, त्याचं उत्तर या उतारात आहे. डोंगराचं पाणी आपसूक खाली येतं. संध्याकाळी संबळ वाजू लागतो, आराधी बायका हातात परडी घेऊन बसलेल्या असतात. त्यांचे फोटो काढण्याआधी विचारा. आपण त्यांच्या उपासनेच्या जागी आलेलो असतो.

या देवीची आणखी एक गोष्ट माहीत असावी. इथली मूर्ती चल आहे. वर्षातून तीनदा ती सिंहासनावरून हलवून पलंगावर निजवतात, यालाच मंचकी निद्रा म्हणतात. शारदीय नवरात्राआधी, दसऱ्यानंतर आणि पौषातल्या शाकंभरी नवरात्राआधी. दसऱ्याच्या सीमोल्लंघनासाठी अहिल्यानगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून पालखी येते. मंचकी निद्रेच्या दिवसांत आलात तर देवी सिंहासनावर दिसणार नाही. याची कल्पना घरातल्या वडीलधाऱ्यांना आधीच द्या.

दुसरा दिवस : तेर आणि धाराशिव लेणी

तेर हे तेरणा नदीकाठचं गाव बाहेरून इतर चार गावांसारखंच दिसतं. म्हणून इथे तयारी करून यावं लागतं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ नावाचं फार मोठं नगर असल्याची नोंद आहे. तिथून गाड्यांमधून कापड भडोचच्या बंदरात जात असे आणि तिथून पश्चिमेच्या जगात. अभ्यासक जॉन फ्लीट यांनी 1901 मध्ये तगर म्हणजेच तेर, हे पुराव्यानिशी मांडलं. कोकणातले आणि कोल्हापूरचे शिलाहार राजेही आपल्या बिरुदात ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. राज्य कुठेही असो, मूळ सांगताना ते तेरचं नाव घेत.

सुरुवात रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयापासून करा. हे संग्रहालय एका गावकऱ्याच्या छंदातून उभं राहिलं. पावसाळ्यानंतर तेरच्या पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीतून, मणी, नाणी, मातीच्या मूर्ती वर येत. रामलिंगप्पा त्या जपून ठेवत गेले आणि पुढे तो संग्रह शासनाकडे आला. सातवाहनांची नाणी, शंखाच्या बांगड्या, हस्तिदंती फण्या, केओलिनच्या नाजूक बाहुल्या इथे आहेत. सगळ्यात आधी शोधायची ती हस्तिदंती स्त्रीमूर्ती. 1938 मध्ये इटलीतल्या पॉम्पेई शहराच्या अवशेषांत अशाच घडणीची मूर्ती मिळाली. पॉम्पेई इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलं. म्हणजे त्याआधीच दख्खनच्या कारागिरीची वस्तू तिथल्या घरात पोचली होती. संग्रहालय सुरू आहे का, याची आदल्या दिवशी चौकशी करा; सोमवारी अशी ठिकाणं बहुधा बंद असतात.

तिथून त्रिविक्रम मंदिराकडे चाला. बाहेरून पाहिलंत तर मागची बाजू अर्धगोल आणि छत गाडीच्या टपासारखं कमानदार आहे. कार्ल्याचं किंवा भाज्याचं बौद्ध चैत्यगृह पाहिलं असेल तर ओळख पटेल. फरक इतकाच की ते डोंगरात कोरलेलं आणि हे विटांनी बांधलेलं. विटांची अशी चैत्यगृहं देशभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. आंध्र प्रदेशातलं चेजर्ला हे त्यातलं एक. आज आत त्रिविक्रमाची, म्हणजे तीन पावलांत विश्व व्यापणाऱ्या वामनाची मूर्ती आहे. पुढचा मंडप नंतरच्या काळातला. एकाच वास्तूत वेगवेगळ्या पंथांची उपासना कशी मुरत गेली, ते इथे दिसतं. उत्तरेश्वर आणि कालेश्वर ही तेरची आणखी दोन जुनी विटांची मंदिरं. उत्तरेश्वराच्या लाकडी दारावरचं कोरीव काम संग्रहालयात पाहायला मिळतं. तेरच्या जुन्या विटा पाण्यावर तरंगतात. मातीत भाताचा कोंडा मिसळून त्या भाजल्या. कोंडा जळून आत पोकळी राहिली आणि वीट हलकी झाली.

तेर हे गोरोबाकाकांचंही गाव. संत गोरा कुंभारांची समाधी तेरणेच्या काठी आहे आणि चैत्र वद्य त्रयोदशीला तिथे मोठी यात्रा भरते. ज्या गावात दोन हजार वर्षांपूर्वीची मडकी सापडतात, त्याच गावात मडकी घडवता घडवता विठ्ठलाला आळवणारा संत झाला. समाधीपाशी थोडा वेळ बसा.

आता एक कळकळीची विनंती. तेरच्या पांढरीवर चालताना खापराचा तुकडा किंवा मणी दिसला तर उचलून खिशात घालू नका. पुरावस्तूंविषयी 1972 चा कायदा आहेच, पण त्याहून महत्त्वाचं कारण असं की वस्तू जिथे सापडते ती जागाच तिचं वय आणि कूळ सांगते. जागेवरून हलली की ती मुकी होते. काही महत्त्वाचं दिसलं तर संग्रहालयात जाऊन सांगा.

दुपारनंतर धाराशिव शहराजवळच्या लेण्यांकडे निघा. शहरापासून सात-आठ किलोमीटरवर बालाघाटच्या डोंगरात ही सात लेणी आहेत. सहाव्या-सातव्या शतकातली ही लेणी मुळात बौद्ध की जैन, यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. आज आत पार्श्वनाथाची भव्य मूर्ती दिसते. मोठ्या लेण्यातला खांबांचा सभामंडप अजिंठ्याच्या विहारांची आठवण करून देतो.

पाण्याचा धागा इथेही सुटत नाही. कनकामर मुनींनी अकराव्या शतकाच्या सुमारास अपभ्रंश भाषेत ‘करकंडचरिउ’ हे काव्य रचलं. त्यातला करकंड राजा तेरजवळच्या डोंगरातलं लेणं पाहायला येतो. मूर्तीच्या बैठकीवर त्याला एक गाठ दिसते. ती फोडताच आतून पाण्याचा लोट उसळतो आणि लेणं भरून जातं. मग राजा वर नवं लेणं खोदवतो. प्राकृत-अपभ्रंशाचे अभ्यासक डॉ. हीरालाल जैन यांनी हे काव्य संपादित केलं आणि त्यातल्या वर्णनाची या लेण्यांशी सांगड घातली. कथा मनात ठेवून आत गेलात तर अंधारातली ओल वेगळी भासेल. टॉर्च सोबत ठेवा. वटवाघळं असतात, तेव्हा आवाज आणि फ्लॅश टाळा. सूर्यास्ताआधी खाली उतरा.

तेर-धाराशिव परिसरात आणखी एका गावाला जाण्याजोगं कारण आहे. कसबे तडवळे इथे फेब्रुवारी 1941 मध्ये महार-मांग वतनदार परिषद भरली आणि तिच्या अध्यक्षस्थानी डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. वतनाच्या बेड्यांविरुद्ध माणसं इथे एकत्र आली. लोहारा तालुक्यातलं हिप्परगाही असंच. 1921 मध्ये तिथे राष्ट्रीय शाळा सुरू झाली. पुढे स्वामी रामानंद तीर्थ म्हणून ओळखले गेलेले शिक्षक त्या शाळेत होते आणि मराठवाडा मुक्तिसंग्रामाची एक पिढी तिथे घडली. तट-बुरुज नसलेले हे वारसेही आपल्या नकाशावर असू द्या.

तिसरा दिवस : परंडा

परंडा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला आहे. बार्शीवरून किंवा कुर्डुवाडीवरून जाणं सोपं. किल्ला सपाट जमिनीवरचा, म्हणजे भुईकोट. इथे डोंगराचं संरक्षण नाही, म्हणून ते काम खंदकाने आणि दुहेरी तटाने केलं. नळदुर्गला नदी अडवून वळवली, परंड्याला पाणी खंदकात फिरवलं. दोन किल्ले लागोपाठ पाहण्याचा खरा फायदा या तुलनेत आहे.

आत शिरताना घाई करू नका. दरवाजा थेट समोर येत नाही. वाट वळते आणि प्रत्येक वळणावर दोन्ही बाजूंच्या तटांतून आपल्यावर नजर असते. शत्रू होऊन ती वाट चालून पाहा. तटावर आणि बुरुजांवर पंचधातूच्या आणि लोखंडाच्या अनेक तोफा आहेत. महाराष्ट्रात एका किल्ल्यात इतक्या तोफा क्वचितच राहिल्या असतील. आतली मशीद जुन्या देवळाच्या खांबांवर उभी आहे. बारव, हमामखाना आणि दारूगोळ्याची जागा पाहण्यासारखी आहे.

बहमनी काळात महमूद गवानने हा किल्ला बांधल्याचं सांगतात. 1600 मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतलं, तेव्हा मलिक अंबरने मूर्तजा निजामशहाला गादीवर बसवलं आणि काही काळ परंडा निजामशाहीची राजधानी झाली. 1634 मध्ये शहाजहानचा मुलगा शुजा आणि महाबतखान यांनी वेढा घातला, पण त्यांना किल्ला न घेताच परतावं लागलं. विजापुरातली प्रसिद्ध मुलूखमैदान तोफ 1549 मध्ये अहमदनगरला ओतली, ती पुढे परंड्याला होती आणि 1632 मध्ये मुरार जगदेव तिला विजापूरला घेऊन गेला. विजापूरला गेलात तर तिचा परंड्याचा मुक्काम आठवा.

परंडा गावात हंसराज स्वामींचा मठ आहे. एकोणिसाव्या शतकातल्या या समर्थ संप्रदायी ग्रंथकाराने वेदान्त मराठीत सोपा केला. तालुक्यात सीना नदीकाठी डोमगाव आहे. समर्थ रामदासांचे पट्टशिष्य कल्याणस्वामी यांचा मठ आणि समाधी तिथे आहे. कल्याणस्वामींच्या हातची दासबोधाची प्रत याच मठाने जपली. मराठी गद्य-पद्याची आवड असणाऱ्याने डोमगावची वाट वाकडी करावीच.

परतताना एकच ठिकाण निवडा. सोनारीचा काळभैरव, भूम तालुक्यातलं माणकेश्वरचं शिल्पांनी नटलेलं शिवमंदिर किंवा कुंथलगिरीचं जैन सिद्धक्षेत्र. आचार्य शांतिसागर महाराजांनी 1955 मध्ये कुंथलगिरीलाच सल्लेखना घेतली. भूम-वाशीकडचा खवा प्रसिद्ध आहे. धाराशिवचे गुलाबजाम इतके लुसलुशीत का, त्याचं उत्तर इथल्या भट्ट्यांवर मिळतं. तिन्ही ठिकाणं एका दिवसात कोंबली तर एकही लक्षात राहणार नाही.

रान पाहायला विसरू नका

किल्ल्यांच्या नादात शिवार राहू नये. येडशीजवळ रामलिंग घाट अभयारण्य आहे, सुमारे 22 चौरस किलोमीटरचं. घळीत रामलिंगाचं मंदिर आहे. पावसाळ्यात भोवती पाणी खळाळतं आणि धबधबा सुरू होतो. याच घाटातून एकेकाळी बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी चढत असे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने 1897 मध्ये कुर्डुवाडी-बार्शी टप्पा सुरू केला आणि 1911 पर्यंत ही अरुंद रेल्वे लातूरला पोचली. 2024 च्या अखेरीस याच अभयारण्यात यवतमाळच्या टिपेश्वरहून चालत आलेला वाघ कॅमेऱ्यात दिसला. तेव्हा वनविभागाच्या सूचना पाळा, एकट्याने आत जाऊ नका आणि माकडांना काही खायला देऊ नका.

येरमाळ्याला येडेश्वरीची चैत्र पौर्णिमेची यात्रा असते. लाखोंची गर्दी पालखीसोबत रानात जाऊन चुनखडी वेचते आणि देवीला वाहते. पण शेतशिवाराचा खरा सण म्हणजे मार्गशीर्षातली वेळा अमावस्या. धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांत त्या दिवशी गावं ओस पडतात, कारण सगळे शेतात असतात. कडब्याची कोप करून आत पांडवांची पूजा होते. मग भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबिलाच्या पंगती उठतात. रस्त्याने जाणाऱ्यालाही जेवायला बोलावतात. डिसेंबरच्या शेवटी किंवा जानेवारीत येत असाल तर पंचांग पाहून याच दिवशी या. त्याच सुमारास हुरडाही सुरू झालेला असतो.

खेड्यांतून फिरताना घरांकडे पाहा. जुनी घरं दगड-मातीच्या जाड भिंतींची आणि वर माळवदाची. सागवानी तुळया, फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात ऊबदार. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंप झाला तेव्हा हेच वजन माणसांवर कोसळलं आणि दहा हजारांच्या आसपास बळी गेले. लोहारा-उमरगा भागात चौकोनी आखणीची, रुंद रस्त्यांची गावं दिसतील. ती पुनर्वसनानंतर वसली. तिथे गेलात तर जुन्या गावठाणाची चौकशी हळुवारपणे करा. त्या पहाटेची आठवण असणारी माणसं अजून ओट्यावर बसलेली आहेत.

सोबत काय घ्यावं, काय पाळावं

माणशी दोन लिटर पाणी, टोपी, पायात पकड असलेले बूट, टॉर्च आणि थोडी सुटी नाणी-नोटा. किल्ल्यांच्या आत खाण्यापिण्याची सोय असेलच असं नाही. तटाच्या कड्यावर आणि धरणाच्या भिंतीवर शेवाळ असतं. फोटोसाठी मागे सरकताना जीव गमावल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. बुरुजाखाली आग्या मोहोळ दिसलं तर आवाज न करता मागे फिरा, अत्तर लावून जाऊ नका. गवत वाढलेल्या भागात काठी आपटत चाला.

किल्ल्यावर दगडाने नाव कोरणं, तोफेवर बसणं, शिलालेखावर खडू किंवा पाणी फिरवणं हे कुणी करत असेल तर नम्रपणे थांबवा. गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाला सोबत घ्या आणि त्याच्या वेळेचे पैसे द्या. जेवण गावातल्याच खानावळीत करा. किल्ला जपला तर आपल्या हाताला काम मिळतं, हे गावाला दिसलं की गाव त्याची राखण करतं.

जुलै 2025 मध्ये शिवकाळाशी निगडित बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आले. आपल्या सगळ्यांना त्याचा अभिमान आहे. नळदुर्ग आणि परंडा त्या यादीत नाहीत, पण म्हणून त्यांचं मोल कमी होत नाही. यादीत नसलेल्या वारशाला येणारी-जाणारी माणसंच वाचवतात. शाळांनी सहली इकडे आणाव्यात, वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी नळदुर्गच्या धरणाचं मोजमाप करून पाहावं, आणि तुळजापूरला येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने परतीचं तिकीट एक दिवस पुढे ढकलावं. यंदाच्या दर्शनाला एक मुक्काम जास्त करा.